आंदणाची गादी

पिंगळीच्या मुंजाजीनं उभी हयात ट्रक चालवण्यात घालवली, पण लोक ज्यांना ड्रायव्हरचे गुण म्हणतात त्यातला एकही त्याच्या अंगी लागला नाही. तो शिवी देत नसे, दारूला शिवत नसे, आणि समोरून एस.टी. येताना दिसली की आधी आपलीच गाडी रस्त्याखाली उतरवून उभा राही. परभणीच्या बन्सीधर शेटची गाडी त्याच्या हाताखाली होती. जाताना सरकीची पोती, येताना जालन्याहून लोखंडी सळया. परभणी, जिंतूर, चारठाणा, मंठा, जालना, हा रस्ता त्याला घरच्या अंगणासारखा पाठ होता. रस्त्यावरच्या प्रत्येक फाट्याला त्याच्या ओळखीचं कुणीतरी असायचंच, आणि ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं मुंजाजीला जन्मात जमलं नाही. कुणी म्हणालं, आमच्या म्हातारीला मंठ्याला सोडा, की म्हातारी केबिनमध्ये. कुणी म्हणालं, चहा घ्या, की हा खाली उतरून चहा घेणार, मग मागच्या फाट्यावरचा चहा अजून घशाखाली उतरलेला नसला तरी चालेल. बायको बायनाबाई म्हणायची, "तुमाला कुणी इख दिलं तरी तुमी बशीत वतून प्याल, अन् वर म्हणाल, लय ग्वाड झालाय." मुंजाजी यावर हसायचा. बायकोला तो नाही म्हणत नसे आणि होही म्हणत नसे.

गाडी जुनी होती आणि तिची सीट गाडीपेक्षाही जुनी वाटायची. लाकडी खोकं, खोक्यावर स्प्रिंगा, स्प्रिंगांवर काथ्या आणि वरून रेक्झिन, अशी ती मूळची. मुंजाजीच्या हाती येईपर्यंत काथ्याचा भुगा झाला होता, रेक्झिनच्या चिंध्या लोंबत होत्या आणि दोन स्प्रिंगा अशा वर आल्या होत्या की त्यांना चुकवून बसावं लागे. मुंजाजी त्यावर रिकामं पोतं घडी घालून टाकायचा, पोत्यावर बायनाबाईनं शिवलेली वाकळ. जिंतूर येईपर्यंत दोन्ही सरकून पायांपाशी. चाळिशी उलटली तशी कंबर कुरकुरायला लागली, मग ओरडायला लागली. जालन्याहून आला की तो केबिनमधून सरळ उतरत नसे. आधी एक पाय, मग दाराला धरून दुसरा, आणि खाली आल्यावर बराच वेळ तसाच वाकलेला, रस्त्यावर काही पडलेलं हुडकत असल्यासारखा. बन्सीधर शेट ते बघायचा आणि येत्या दिवाळीला सीट करून घेऊ म्हणायचा. दिवाळ्या येत होत्या, जात होत्या. शेटला आठवण करून देणं मुंजाजीच्या स्वभावात बसत नव्हतं.

मुंजाजीला एकच लेक, चतुरा. तिचं लग्न ठरलं तेव्हा आंदणात काय द्यायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. हंडे, कळशी, कपाट, हे तर सगळेच देतात. मुंजाजीनं जालन्याच्या एका दुकानात फोमची गादी पाहिली होती. दुकानदारानं बसा म्हटलं म्हणून तो भिडेखातर बसला आणि उठावंसं वाटेना. आपला तर सगळा जन्म ह्या पोत्यावर आणि स्प्रिंगांवर गेला, लेकीच्या अंगाखाली तरी मऊ यावं, असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं ती गादी घेतलीच. कापसाच्या त्या मुलखात गादी म्हणजे पिंजाऱ्यानं भरलेली, हे लोकांना ठाऊक. फोमची गादी पिंगळीत कुणी पाहिली नव्हती. लग्नाला नेताना तिला धूळ लागू नये म्हणून मुंजाजीनं ती हौद्यात टाकली नाही, केबिनमध्ये आपल्या शेजारी उभी करून नेली, आणि त्याचे मामेसासरे, चुलतसासरे सगळे मागं हौद्यात बसले. यावरून थोडी रुसवाफुगवीही झाली.

सासर चारठाण्याच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच. सासरा व्यंकटराव, नवरा भुजंग. सोयरीक जुळवली ती चारठाण्याच्या दत्तरावांनी. ते दोन्हीकडच्या नात्यातले, आणि त्यांचा शब्द दोन्हीकडे मानला जायचा. लेक आपल्या रोजच्या रस्त्यावर पडली याचा मुंजाजीला केवढा आनंद. दर खेपेला तो तिथं थांबायचा. व्यंकटराव ओसरीवर बसवून घ्यायचे, गोड बोलायचे. चतुरा चहा आणून द्यायची. सगळ्यांच्या देखत मुंजाजी विचारायचा, "बरं हाय ना, बाई?" आणि सगळ्यांच्या देखत ती म्हणायची, "बरं हाय." मग घरी येऊन तो बायनाबाईला सांगायचा, लय चांगली माणसं मिळालीत आपल्या चतुराला.

तीन वर्षं झाली, चतुराला मूल झालं नाही. त्यात भुजंगला गावच्या सोसायटीत कारकुनाची जागा लागली. नोकरी लागली की पोराचा भाव चढतो, लग्न झालेल्या पोराचाही. त्या वर्षी पंचमीला मुंजाजीनं चतुराला ट्रकमधूनच माहेरी आणलं. पंचमी झाली की सासरचं कुणीतरी न्यायला येतं, ही रीत. कुणी आलं नाही. मुंजाजी म्हणाला, शेताची कामं चालली असतील. पोळा झाला, दसरा झाला, तरी कुणी नाही. तोवर मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून पुन्हा तापलं होतं. आज ह्या गावी बंद, उद्या त्या नाक्यावर रास्ता रोको, रस्त्यात दगडं टाकलेली. मुंजाजीला तेवढंच निमित्त मिळालं. "रस्ते बंद हायेत, माणसं येणार कशी?" असं तो म्हणायचा, आणि स्वतः मात्र त्याच रस्त्यानं आठवड्यातून दोनदा जाऊन येत होता. दिवाळी झाली तेव्हा ही सबबही सरली.

या सगळ्या काळात तो व्याह्याकडे थांबतच होता. घरून निघताना ठरवून निघायचा, आज स्पष्ट विचारायचं, पोरीला कधी नेता. ओसरीवर बसायचा, पाऊसपाण्याचं बोलायचा, कापसाच्या भावाचं बोलायचा, चहा घ्यायचा. चहा आता व्यंकटरावांची बायको आणून द्यायची. तोंडाशी आलेला प्रश्न तो चहाबरोबर गिळायचा आणि उठायचा. घरी चतुरा चुलीपाशी बसून ऐकायची. बाप सांगायचा, लय चांगली माणसं, इचारपूस करत व्हते. ती चुलीतलं लाकूड पुढं सारायची.

असाच एकदा तो चहा घेऊन गाडीत चढायला लागला. दाराला धरून, कण्हत, आधी एक पाय. व्यंकटराव निरोप द्यायला गाडीपर्यंत आले होते. त्यांनी केबिनमध्ये डोकावून पाहिलं, पोतं उचलून स्प्रिंगा पाहिल्या आणि ते चुकचुकले. म्हणाले, "पाव्हणं, असल्या सीटवर बसून तुमी जालना करता? कंबरंची पार वाट लागल की." मग त्यांनी भुजंगला हाक मारली आणि माळ्यावरची फोमची गादी काढायला सांगितली. घरात ती नुसती पडून आहे, उंदीर कुरतडायला लागलेत, तिचा फोम ह्या सीटला घाला, तुमची कंबर नीट राहिली तर आम्हालाच बरं वाटेल, असं ते म्हणाले. मुंजाजी एकदा नको म्हणाला, दुसऱ्यांदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा नको म्हणणं त्याला कधीच जमलेलं नव्हतं. भुजंगनं गादी आणून केबिनमध्ये ठेवली आणि वर न बघता घरात गेला. शेजारच्या ओट्यावर दोघं जण तंबाखू मळत बसले होते, त्यांनी हे सगळं पाहिलं. मुंजाजीचे डोळे भरून आले. बन्सीधर शेटला जी कंबर इतक्या वर्षांत दिसली नाही ती व्याह्याला दिसली, यापेक्षा जास्त माणुसकी काय असते, असं त्याला वाटलं. मला विचाराल तर त्या घटकेला त्याच्याइतका सुखी आणि त्याच्याइतका भाबडा माणूस सबंध जिंतूर तालुक्यात नसेल.

गादी घेऊन तो घरी आला आणि बायनाबाईच्या हातातलं काम तिथंच थांबलं. तिनं विचारलं, "आंदण परत घेत असत्यात व्हय?"

तिचा प्रश्न खरा होता. लेकीला दिलेलं आंदण बापानं सासरहून परत आणलं की सोयरीक संपली, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही कळतं. तिथं कागद लागत नाही, वकील लागत नाही. भांडी आणि गादी माहेरी आली की फारकत झाली, असं भावकी धरून चालते. मुंजाजीलाही हे ठाऊक होतं. पण त्याचं म्हणणं, आपण ते परत घेतलंच नाही, त्यांनी आपल्या कंबरेसाठी दिलं, ते वेगळं. बायनाबाई म्हणाली, वेगळं आहे हे तुम्हाला ठाऊक आणि त्यांना ठाऊक, गावाला कोण सांगणार? उद्याच्या उद्या नेऊन टाका. चतुरानं गादीची गुंडाळी कोपऱ्यात ओढून ठेवली, तिच्यावर जुनं लुगडं टाकलं आणि ती पाण्याला निघून गेली.

मुंजाजीनं बायकोचं ऐकलं. पुढच्या खेपेला गादी हौद्यात, सरकीच्या पोत्यांवर ताडपत्रीखाली घालून तो व्याह्याच्या दारात थांबला. काय बोलायचं ते त्यानं जिंतूरपासून मनात घोळवलं होतं. पण व्यंकटरावांनी त्याला बसूही दिलं नाही. आधी तेच गाडीपाशी आले, केबिनमध्ये पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "अजून केली न्हाई सीट? आमचं दिलेलं तुमाला चालंना का, पाव्हणं?" एवढंच म्हणाले. आता माणूस असा मनाला लावून घ्यायला लागल्यावर मागं ताडपत्रीखाली गादी आहे, ती परत घ्या, हे मुंजाजीच्या तोंडून निघणार होतं थोडंच. "ह्याच खेपंला करतो," असं तो बोलून बसला. चहा झाला. गादी जालन्याला जाऊन तशीच सळयांवर बसून परत आली आणि मुंजाजी ती घेऊन घरी गेलाच नाही. बायनाबाईला तोंड दाखवायला नको आणि व्याह्याला दिलेला शब्दही मोडायला नको, म्हणून त्यानं गाडी सरळ परभणीत गफूर सीटवाल्याच्या दुकानापुढं उभी केली.

बसस्टँडच्या मागं गफूरचं दुकान होतं. रिक्षा, स्कूटर, ट्रक, ज्याला म्हणून बूड टेकायला जागा असते ते सगळं त्याच्याकडे यायचं. त्यानं फोम दाबून पाहिला, असली माल है म्हणाला, आणि खडू घेऊन त्यावर रेघा मारल्या. मुंजाजी बाजूला बाकावर बसला होता. करवतीच्या पात्यासारखी गफूरची लांब सुरी फोममध्ये शिरली तेव्हा तो बाकावरून अर्धा उठला. थांब म्हणावं असं त्याला वाटलं. पण गफूर इतकं मन लावून कापत होता की मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं. गफूरनं जुना काथ्या उकिरड्यावर फेकला, स्प्रिंगा ठोकून बसवल्या, त्यावर फोमचे दोन थर, पाठीला एक थर, आणि वरून तपकिरी रेक्झिन ताणून बारीक खिळे मारले. उरलेले तुकडे त्यानं आपल्या कामाला ठेवून घेतले.

आणि सीट झाली मात्र झकास. जालन्याची खेप करून आला तेव्हा तो दोन्ही पायांवर एकदम खाली उतरला आणि स्वतःच चकित झाला. बन्सीधर शेट स्वतः चढून बसून पाहून गेला आणि आता जालन्याच्या पुढंही खेपा घेता येतील म्हणाला. मुंजाजी रात्री कुशीवर वळू लागला. बायनाबाई त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही, पण तिचा राग निवेल, चतुराला न्यायला माणसं येतील, मग तीच म्हणेल की कंबरही नीट झाली आणि पोरही नांदायला गेली, असं तो मनाशी म्हणत राहिला. व्यंकटरावांनी नवी सीट पाहिली तेव्हा ते मोठ्यानं हसले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

माघात त्याला बातमी कळली ती जिंतूरच्या नाक्यावर, चहाच्या टपरीपाशी. भुजंगला दुसरी पोरगी दाखवली, कुंकू लागलं, चैत्रात लग्न. सांगणाऱ्याला वाटलं मुंजाजीला हे ठाऊकच असेल. मुंजाजीनं बशी खाली ठेवली. उभ्या आयुष्यात त्यानं अर्धा चहा टाकला तो तेवढाच.

तो दत्तरावांकडे गेला आणि दत्तरावांनी आपल्या ओसरीवर बैठक बोलावली. मुंजाजीकडून भावकीतले दोघं आले, त्याच्याच ट्रकच्या केबिनमधून. गाडी अंगणापुढं उभी राहिली. व्यंकटराव आणि त्यांची चार माणसं आधीच येऊन बसली होती. भुजंग आला नव्हता. मुंजाजीनं हात जोडून जे सांगायचं ते सांगितलं, की पोरीची काही चूक नाही, मूल आज नाही उद्या होईल, तिला नांदायला न्या. इतक्या महिन्यांत त्यानं पहिल्यांदाच हे तोंडानं उच्चारलं होतं. व्यंकटरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की फारकत तर कधीच झाली, आता हा विषय कशाला. आंदण यांनी नेलं, आपल्या दारातून, दिवसाढवळ्या, शेजारचे दोघं साक्षीला आहेत.

"सीटसाठी दिलतं त्येंनी," मुंजाजी म्हणाला. "माझ्या कंबरंसाठी."

व्यंकटराव त्याच्याकडे वळले. त्यांच्या बोलण्यात अजूनही राग नव्हता. "पाव्हणं, तुमीच सांगा. पोर नांदायला जाणार हाय असं ज्या बापाला वाटतंय, तो तिची गादी कापून गाडीत घालील का?"

मुंजाजीच्या भावकीतल्या दोघांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली, कारण येताना तेही त्याच सीटवर बसून, सीट मस्त झाली असं म्हणत आले होते. दत्तराव उठले, अंगणात गेले. केबिनमध्ये चढणं त्यांना वयानं जमेना, म्हणून दार उघडून खालूनच हात घालून त्यांनी सीट दाबून पाहिली. परत येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा ओढलेला होता. त्यांना खरं काय ते कळलं असावं. पण कळणं वेगळं आणि चारचौघांत व्यंकटरावाला खोटं पाडणं वेगळं. त्यातून त्यांनी आपली सुटका करून घेतली ती अशी: "मुंजाजी, गादी व्हती तशी त्येंच्या घरात नेऊन टाक. मंग मी बोलतो. तवर माझ्या तोंडाला कुलूप हाय." कापलेली गादी होती तशी कुठून येणार, हे बैठकीतल्या प्रत्येकाला दिसत होतं. मुंजाजीला मात्र तो मार्ग वाटला.

कुणी त्याला कोर्टात जा म्हणून सांगितलं. ज्याला चहाला नाही म्हणता येत नाही तो कोर्टात काय उभा राहणार. तो गफूरकडे गेला. गाडीची सीट उपटून बाहेर काढली आणि दुकानापुढच्या मातीत बसून म्हणाला, ह्याची परत गादी करून दे. गफूरला आधी वाटलं चेष्टा करतोय. मग सगळं ऐकल्यावर तो कपाळाला हात लावून बसला. म्हणाला, "मेरेकू बोलना था ना, मुंजाजी. मैं सुरीच नै लगाता." दोघांनी मिळून रेक्झिन फाडलं, खिळे काढले, फोमचे तुकडे जमिनीवर मांडून जुळवायला घेतले. कडेचे तुकडे नव्हते. ते कुठं कुठं गेले याची गफूरला आठवण करावी लागली. एक आश्रुबा नावाच्या रिक्षावाल्याच्या मागच्या सीटमध्ये, एक कृषी विद्यापीठातल्या कुण्या साहेबाच्या स्कूटरला, आणि बारीकसारीक उशांमध्ये.

मुंजाजी रेल्वे स्टेशनसमोर रिक्षांच्या रांगेत जाऊन आश्रुबाला विचारत फिरला. आश्रुबा सापडला तेव्हा त्याच्या रिक्षात सवारी बसली होती. रिक्षावाल्याला गाठून तुझ्या सीटमधला फोम काढून दे म्हणणं, तेही मुंजाजीनं, ज्याला कुणाकडून काडी मागायची तर घाम फुटायचा. त्यानं कसंबसं सांगितलं, लेकीचं हाय, एवढंच त्याला नीट सांगता आलं. आश्रुबानं सवारीला दुसऱ्या रिक्षात बसवलं, सीट उलटी केली, ब्लेडनं शिवण उसवली आणि तुकडा काढून मुंजाजीच्या हातात दिला. त्यालाही दोन पोरी होत्या. रिकाम्या खोळीत त्यानं आपला टॉवेल कोंबला आणि रिक्षा चालू केली. स्कूटरवाला साहेब बदलून गेला होता.

गफूरनं सोल्युशन लावून सगळे तुकडे चिकटवले. एक कोपरा उरला, तिथं त्यानं दुसरा पिवळा फोम बसवला, आणि वरून घरातली एक चादर शिवून घातली. मेहनत त्यानं जीव लावून केली, पण वस्तू जी झाली ती झाली. हात ठेवला की प्रत्येक सांधा लागायचा, आणि मधोमध मुंजाजीचं बूड टेकून पडलेला खळगा तसाच राहिला होता. मुंजाजी ती घेऊन पिंगळीला आला. सकाळी निघून ती व्याह्याच्या घरी पोचवायची होती. पण चादर एका बाजूनं नीट ताणलेली नव्हती, म्हणून उन्हं कलताना तो अंगणात ती पसरून दाभण घेऊन बसला. बायनाबाई उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

चतुरा शेतातून आली. बाप गादीवर वाकून शिवतोय हे तिनं पाहिलं आणि ती त्याच्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "बाबा, कशाला करायलात हे?"

"ही नेऊन टाकली की दत्तराव बोलणार हायेत, बाई."

चतुरानं गादीवरून हात फिरवला, एक सांधा, दुसरा सांधा. मग ती सांगायला लागली. ह्या गादीवर ती एक दिवसही झोपली नव्हती. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूनं गादी माळ्यावर ठेवली. पाव्हणा आला की खाली यायची, पाव्हणा गेला की वर. तीन वर्षं चतुरा चुलीशेजारी पोत्यावर झोपली. भुजंग आईपुढं बोलत नव्हता, आणि पुढं पुढं तिच्याशीही बोलेनासा झाला. हे सगळं ती रडत सांगत नव्हती. कुणा दुसऱ्याच्या घरातलं सांगावं तसं सांगत होती.

मुंजाजीच्या हातातलं दाभण थांबलं. "मला कामून सांगितलं न्हाई मंग?"

"कवा सांगू? तुमी तिथून चहा पिऊन यायचे, अन् म्हणायचे लय चांगली माणसं हायेत."

मुंजाजीला वर बघवेना. बायनाबाई पदर तोंडाला लावून आत गेली. चतुरानं त्याच्या हातातलं दाभण काढून घेतलं आणि सुतळीचं टोक दातानं तोडलं. म्हणाली, "नका नेऊ आता तिकडं. माझ्या अंगाखाली ती कधी आलीच न्हाई. तुमी तरी बसा."

मुंजाजी पहिल्यांदा रडला तो तेव्हा, अंगणात, शेजारपाजाऱ्यांच्या देखत, लहान पोरासारखा हुंदके देऊन. लेकीनं त्याला रडू दिलं. नंतर उठून तिनं गादीची गुंडाळी केली आणि आत नेऊन ठेवली.

चैत्रात भुजंगचं लग्न झालं. चतुरा पिंगळीलाच राहिली आणि पुढं परभणीला विद्यापीठाच्या शेतावर रोजानं जाऊ लागली. गफूरनं तोच फोम पुन्हा सीटला घातला, सांध्यांसकट. मुंजाजी व्याह्याच्या दारावरून अजूनही जातो. आता तो तिथं थांबत नाही, पण गाडीचा वेग वाढवणंही त्याला जमत नाही. व्यंकटराव ओसरीवर असले तर हात वर करतात, आणि मुंजाजीचा हात त्याच्या मनाविरुद्ध स्टेअरिंगवरून थोडासा वर उचलला जातो. त्या हाताची त्याला मग मंठ्यापर्यंत चीड येत राहते.

कंबर त्यानंतर दुखली नाही. तेच त्याला सोसत नाही. फाट्यावरून चढलेला कुणी म्हातारा केबिनमध्ये बसतो, सीटवरून हात फिरवतो, विचारतो, कुठून केली हो एवढी मऊ सीट. मुंजाजीला खोटं बोलता येत नाही आणि खरं सांगायला रस्ता पुरत नाही. तो म्हणतो, लेकीची हाय. म्हातारा म्हणतो, नशीबवान हायेस बाबा, अशी लेक लागती. मुंजाजी व्हय म्हणतो आणि गाडी चालवत राहतो.